कापऱ्या हाताची सरळ रेघ

मी संगणक आहे. विश्रांतवाडीतल्या एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या टेबलावरून मी बोलतोय. या घरात मला संगणक कोणी म्हणत नाही. घरचे मालक हिंमतराव मला ‘डबा’ म्हणतात. आधी ते चेष्टेनं म्हणायचे, आता नुसतं सवयीनं म्हणतात. दोन्हींतला फरक मला ऐकू येतो.

माझा जन्म तापकीर गल्लीतल्या एका दुकानात झाला. आमच्यात जन्म म्हणजे जोडणी. दुकानदार एकेक भाग बसवत होता आणि समोर स्टुलावर बसलेली प्रियदर्शनी तो हातात घेऊन बघितल्याशिवाय बसवू देत नव्हती. पडदा मोठा हवा, माउस वजनदार हवा, चित्र हलवलं की अडखळायला नको, असं तिचं चाललं होतं. दुकानदाराला वाटलं, घरात कोणी गेम खेळणारं असेल. त्यानं तसं विचारलं.

“नाही,” ती म्हणाली, “सासऱ्यांना ड्रॉइंग काढायचंय.”

दुकानदारानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्यानं माझ्या पोटात आणखी एक पंखा बसवला. पुण्याचा उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिला नाही, एवढंच म्हणाला.

हिंमतराव मूळचे बुलढाण्याकडचे. तरुणपणी पुण्यात आले आणि खडकीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून लागले, ते निवृत्त होईपर्यंत तिथेच. यंत्राच्या सुट्या भागांची ड्रॉइंग ते शाईनं काढत. त्यांची रेघ सगळ्या खात्यात नावाजलेली होती, असं त्यांच्या पत्नी यमुनाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. इतकी वर्षं पुण्यात काढून हिंमतरावांनी इथला टोमणा पुरता उचलला होता. यमुनाबाईंनी मात्र आपलं वऱ्हाडी ‘काहून’ सोडलं नाही.

लोहगावच्या पुढे त्यांची थोडी जागा होती. तिथे बैठं घर बांधायचं आणि त्याचा नकाशा स्वतः काढायचा, हे हिंमतरावांनी नोकरीत असतानाच ठरवलं होतं. यमुनाबाईंचे गुडघे दुखत. तीन मजले उतरायचे म्हणून त्या मंडईलाही जायच्या नाहीत. त्यांना एवढंच हवं होतं, की स्वयंपाकघराला मागचं दार असावं आणि त्या दाराशी बसून भाजी निवडता यावी.

पण निवृत्तीनंतर काही वर्षांत हिंमतरावांचा उजवा हात कापायला लागला. चहाचा कप बशीवर वाजू लागला. एक दिवस त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर कागद लावला, पेन टेकवला, आणि रेघ अशी आली जशी चालत्या बसमध्ये बसून ओढली असावी. त्यांनी कागद काढला, बोर्ड पलंगाखाली सरकवला. घराचा विषय त्या दिवशी बंद झाला.

हे सगळं मी नंतर ऐकलं. मी घरात आलो तो दिवस मात्र माझ्या डोळ्यांसमोरचा आहे.

रविवार होता. प्रियदर्शनी एरंडवण्यात एका आर्किटेक्टकडे कामाला होती. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर तिच्या रोजच्या हातातलं. तिचा नवरा दत्तप्रसाद आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसचं काम करत होता. हिंमतराव कोचावर पेपर तोंडासमोर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

सॉफ्टवेअर माझ्यात उतरलं आणि पडदा काळा झाला.

“ही पाटी आहे की कागद?” हिंमतराव पेपरामागून म्हणाले.

प्रियदर्शनीनं पडदा पांढरा केला. अगदी पांढरा नव्हे, जुन्या ड्रॉइंगच्या कागदासारखा किंचित पिवळसर. मग ती म्हणाली, “बाबा, मापं फुटात ठेवू की मीटरमध्ये?”

“मिलिमीटर.”

“घराला मिलिमीटर?”

“भिंत मिलिमीटरनं चुकली तरी ती चुकलेलीच असते.”

तिनं मिलिमीटर ठेवले. पेपर खाली आला. थोड्या वेळानं खुर्ची माझ्यासमोर आली आणि हिंमतराव तिच्या शेजारी बसले.

तिनं त्या दिवशी काय काय केलं ते सांगतो, कारण पुढे ते सगळं कोणाच्या तरी डोळ्यांत पाणी आणणार होतं. कर्सर म्हणून जे छोटं अधिकचं चिन्ह असतं, ते तिनं या कडेपासून त्या कडेपर्यंत लांब ओढलं, म्हणजे बोर्डावरच्या पट्टीसारखा आधार वाटावा. माउसचा वेग कमी केला. रेघ फक्त आडवी किंवा उभीच जाईल अशी सोय चालू केली. कर्सर भिंतीच्या कोपऱ्याजवळ गेला की तिथे एक हिरवा चौकोन उजळायचा आणि कर्सर आपोआप कोपऱ्याला चिकटायचा. त्या चिकटण्याचा टप्पा तिनं पुष्कळ वाढवला. नेम धरायची गरजच राहिली नाही. हिंमतरावांच्या जुन्या पेनांची जाडी विचारून तिनं रेघांची जाडी तशीच लावली. भिंती, दारं, पाणी, वीज असे वेगवेगळे थर केले, जसे एकावर एक ठेवलेले ट्रेसिंग पेपर. त्यांची नावं मराठीत लिहिली. कीबोर्डच्या बटणांवर कागदाचे बारीक तुकडे चिकटवले : रेघ, गोल, पूस.

“आता ओढा,” ती म्हणाली.

हिंमतरावांनी माउस धरला. हात कापत होता. माझ्या पडद्यावर कर्सर थरथरत होता आणि मलाही वाटलं, आता काय होणार. त्यांनी एकदा टिचकी मारली, हात सरकवला, पुन्हा टिचकी मारली.

रेघ उमटली. सरळ, काळी, टोकाला टोक.

हिंमतरावांनी पडद्यावर त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, “अगं, इकडे ये.”

यमुनाबाई कणकेचे हात घेऊन आल्या. “काय आहे?”

“रेघ आहे.”

“मग?”

“सरळ आहे,” हिंमतराव म्हणाले. यमुनाबाईंनी रेघेकडे पाहिलं नाही, सुनेकडे पाहिलं.

त्यानंतरचे महिने हे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले. संध्याकाळी प्रियदर्शनी ऑफिसातून आली की चहा घेऊन माझ्यासमोर बसायची. हिंमतरावांनी दिवसभर काढलेलं ती बघायची आणि मग दोघांचं वाजायचं. माणसं भांडतात तेव्हा आवाज चढतो, पण या दोघांचे आवाज चढत नसत. ती म्हणायची, न्हाणीघराचं दार उघडलं की बेसिनला आपटेल. ते म्हणायचे, बेसिन हलव. ती म्हणायची, बेसिन हललं तर पाइप कुठून नेणार. शेवटी दार फिरायचं. रेघ त्यांची असायची आणि शंका तिची.

एकदा गच्चीवर जाणाऱ्या जिन्यावरून तिनं त्यांना थांबवलं. हिंमतरावांनी जिना सुरेख काढला होता, पायऱ्या एकसारख्या. तिनं बाजूनं छेद घेऊन, म्हणजे जिना उभा कापल्यासारखा करून दाखवला. वळणापाशी वरचा स्लॅब इतका खाली येत होता, की चढणाऱ्याचं डोकं आपटलं असतं. उभ्या आयुष्यात त्यांनी यंत्राचे भाग काढले होते. भागांमधून कोणी चालत जात नाही. त्यांनी सगळा जिना पुसला आणि नव्यानं काढला. त्या संध्याकाळी त्यांनी तिला विचारलं, तुला या घरात काय हवं. तिनं उत्तरेच्या खिडकीची एक लहान खोली मागितली. पुढेमागे स्वतःचं काम सुरू करावं, असं तिच्या मनात होतं. त्यांनी खोली काढली. खिडकी तिनं मागितली होती त्याहून मोठी काढली.

नकाशा पुरा झाला तेव्हा प्रियदर्शनीनं खाली उजव्या कोपऱ्यात ती चौकट आखली जी प्रत्येक ड्रॉइंगवर असते. तिच्यात लिहिलं : रेखाटन, हिंमतराव. तपासणी, प्रियदर्शनी. हिंमतरावांनी ते वाचलं आणि छान आहे म्हणाले. मी साक्षीदार आहे.

मग रावसाहेब येणार असं कळलं.

रावसाहेब हे खडकीच्या कारखान्यात हिंमतरावांचे वरिष्ठ. हिंमतरावांनी काढलेली ड्रॉइंग तपासायचं काम त्यांच्याकडे असे. सही त्यांची, लाल पेन्सिल त्यांची, आणि वरच्या साहेबांपुढे कौतुक झालं तर तेही त्यांचं. ‘रेखाटन’च्या चौकटीतलं बारीक नाव कोणी वाचत नसे. हिंमतरावांनी हे कधी उघड बोलून दाखवलं नाही, पण यमुनाबाईंनी बोलून दाखवलं, तेही अनेकदा.

रावसाहेब यायच्या आदल्या दिवशी प्रियदर्शनी ऑफिसात होती. नकाशाची फाइल तिनं छपाईसाठी तयार करून ठेवली होती. हिंमतराव दुपारी एकटेच माझ्यासमोर बसले. त्यांनी खालच्या कोपऱ्यातली चौकट मोठी करून पडद्यावर आणली. ‘प्रियदर्शनी’ हे नाव निवडलं. बराच वेळ हात माउसवर तसाच ठेवून ते बसून राहिले. मग त्यांनी ‘पूस’ लिहिलेलं बटण दाबलं.

त्यांना तिचं वाईट चिंतायचं होतं असं मी म्हणणार नाही. आयुष्यात एकदा तरी रावसाहेबांसमोर असं ड्रॉइंग ठेवायचं होतं, जे कोणीच तपासलेलं नाही. एवढंच. पण त्या ‘एवढ्याच’साठी त्यांनी हात घातला तो भलत्याच माणसाच्या नावाला.

मोठ्या कागदावरची छपाई प्रियदर्शनीनंच दुसऱ्या दिवशी सकाळी डेक्कनजवळच्या दुकानातून करून आणली. कागद गुंडाळलेला होता. तो उघडला गेला रावसाहेबांसमोर, इथेच, या टेबलावर. रावसाहेबांनी चष्मा लावला, बोट ठेवत ठेवत नकाशा पाहिला, आणि वय झालेल्या माणसाच्या मोकळेपणानं म्हणाले, की हिंमतराव, हात अजून तसाच आहे. मग खाली वाकून म्हणाले, “तपासणी कोरी?”

“आता तपासायला कोण राहिलंय, साहेब,” हिंमतराव म्हणाले. “सूनबाईंनी सॉफ्टवेअर टाकून दिलं. बाकी बटणं दाबून कोणी ड्राफ्ट्समन होत नाही.”

प्रियदर्शनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला, कागदावर सांडू नये म्हणून जरा लांब ठेवला, आणि आत गेली.

रावसाहेब गेल्यावर ती बाहेर आली. कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवून तिनं शांतपणे विचारलं, “बाबा, इथे माझं नाव होतं.”

त्या वेळी त्यांनी खरं काय ते सांगितलं असतं, तर ती हसली असती. तिला रावसाहेबांची गोष्ट माहीत होती. पण हिंमतराव पकडले गेले होते, आणि पकडला गेलेला माणूस जे हत्यार हाताशी असेल ते उचलतो. त्यांच्या हाताशी टोमणा होता.

“तपासायला आधी चूक असावी लागते,” ते म्हणाले.

जिन्याचा विषय तिनं काढला नाही. ती “बरं” म्हणाली आणि कागद नीट गुंडाळून ठेवला.

त्यानंतर ती माझ्यासमोर बसली नाही. घरात अबोला नव्हता. जेवायला वाढताना, औषध देताना ती पूर्वीसारखीच बोलत होती. फक्त संध्याकाळचा चहा ती स्वयंपाकघरात यमुनाबाईंजवळ घ्यायची. हिंमतराव तिची वाट बघत काहीतरी उगाच मोठ्यानं पुटपुटायचे, की ही खिडकी इथे बरी दिसते का कोण जाणे. उत्तर यायचं नाही.

पुढे दत्तप्रसादची कंपनी बदलली आणि रोज शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणं त्याला झेपेना. दोघांनी बावधनला घर घेतलं. कारण खरंच होतं. पण निघताना प्रियदर्शनीनं टेबलावरून आपली पट्टी आणि पेनं उचलली तेव्हा हिंमतराव पेपर तोंडासमोर धरून बसले होते, आणि पान उलटत नव्हते.

मग माझ्याकडून ते घडलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली आणि मी एक प्रश्न पडद्यावर आणला : सगळ्या सेटिंग्ज मूळ स्थितीत आणायच्या का? तो इंग्रजीत होता, लांबलचक होता. हिंमतरावांनी ‘हो’ म्हटलं.

पडदा काळा झाला. लांब कर्सर आखडून इवलासा झाला. हिरवा चौकोन उजळेना. त्यांनी यमुनाबाईंच्या मागच्या दाराशी एक पायरी वाढवायला घेतली होती. त्यांनी रेघ ओढली आणि ती तिरकी गेली. दुसरी ओढली, ती कोपरा चुकवून भिंतीच्या आत घुसली. पुसून पुन्हा ओढली. त्यांना वाटलं, हात बिघडला. हात होता तसाच होता. त्याच्याखाली कोणीतरी लावलेला आधार तेवढा निघाला होता. त्या आधाराला नाव काय, तो परत कुठून चालू करायचा, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं, कारण तो लावणारी शेजारी बसलेली असायची.

कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस येऊन बघून गेला. सॉफ्टवेअर व्यवस्थित चालू आहे म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

“प्रियाला काहून फोन नाही करत?” यमुनाबाई विचारायच्या.

“तिला कामं असतात.”

असे किती दिवस गेले मी मोजले नाहीत. शेवटी यमुनाबाईंनीच फोन केला. रविवारी सकाळी प्रियदर्शनीनं बावधनहून सांगितलं, की आई, पडद्यावर एक खिडकी उघडेल, तिच्यात ‘हो’ म्हणा. यमुनाबाईंनी चष्मा लावून ‘हो’ म्हटलं. आणि माझ्या पडद्यावर कर्सर आपोआप चालू लागला. टेबलावरच्या माउसला कोणाचाही हात लागलेला नव्हता.

हिंमतराव खुर्चीत बसून बघत होते. पडदा पिवळसर पांढरा झाला. कर्सर कडेपर्यंत पसरला. हिरवा चौकोन उजळला. तिला काहीही विचारावं लागत नव्हतं. पेनांच्या जाड्या तिला अजून पाठ होत्या. मग तिनं नकाशा उघडून पाहिला. कर्सर जिन्यावरून गेला, उत्तरेच्या खोलीवरून गेला, खालच्या कोपऱ्याजवळ किंचित थांबला, आणि निघून आला. हिंमतरावांनी डोळे पुसले. पलीकडे ते दिसत नव्हतं.

फोन टेबलावर होता, आवाज मोठा केलेला. “बाबा, अजून काही हवंय?” तिनं विचारलं.

यमुनाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हिंमतरावांनी फोन जवळ ओढला. “नाही,” ते म्हणाले. “ठीक आहे.”

“बरं,” ती म्हणाली, आणि कर्सर थांबला.

आठवडाभर त्यांनी एकही रेघ ओढली नाही. मग एका सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून तयार झाले. यमुनाबाईंना म्हणाले, चल. तीन मजले त्यांना हात धरून उतरवलं, बस बदलत बदलत दोघं बावधनला गेली. पुढचं मी पाहिलं नाही. संध्याकाळी परत आल्यावर पायऱ्यांनी दमलेल्या यमुनाबाई कोचावर टेकल्या आणि दोघं बोलली, त्यातून मला कळलं.

हिंमतरावांनी सांगायचं ते सांगितलं होतं. आडवळण न घेता. तू तपासलं होतंस, जिन्याची चूक तू काढलीस, तुझं नाव मी मुद्दाम पुसलं, असं दत्तप्रसादच्या समोर सांगितलं. ती म्हणाली होती, “असू द्या बाबा, झालं ते.” रागानं म्हणाली नाही. आग्रह करून जेवायला थांबवलं, आपलं नवं ऑफिस दाखवलं. एका खोलीत तिनं स्वतःचं काम सुरू केलं आहे. खोलीला खिडकी पश्चिमेची आहे.

“चांगलं बोलली की पोरगी,” यमुनाबाई म्हणाल्या. “मग तुम्ही असे काहून बसले?”

हिंमतराव चप्पल न काढताच बसले होते. “तिनं आपल्याला पाहुण्यांच्या कपात चहा दिला,” ते म्हणाले.



त्याला आता वर्ष होत आलं. लोहगावची जागा तशीच आहे. दत्तप्रसाद म्हणतो, एवढं घर बांधून राहणार कोण. यमुनाबाई दूध, भाजी सगळं वरच मागवतात. प्रियदर्शनी दर रविवारी फोन करते, दोघांच्या तब्येतीची चौकशी करते, आणि हिंमतराव तिला अहो-जाहो करायचं तेवढं बाकी ठेवतात.

मध्यंतरी तिनंच फोनवर सांगितलं, की सॉफ्टवेअरच्या वर्गणीची मुदत संपत आली आहे, वाढवून देऊ का. हिंमतराव म्हणाले, नको, तुला उगाच त्रास. ती म्हणाली, त्रास कसला. ते म्हणाले, नको, खरंच नको. दोघंही फार नीट बोलली. मुदत संपली.

आता नकाशा माझ्यात उघडतो, पण नुसता बघण्यापुरता. रेघ ओढायला गेलं की मी नाही म्हणतो. मला तसंच करायला सांगितलेलं आहे. तरीही हिंमतराव दुपारी येऊन बसतात, खोल्याखोल्यांतून कर्सर फिरवतात, मागच्या दाराशी थांबतात, तिथली पायरी अर्धीच राहिली आहे.

काल यमुनाबाईंनी त्यांना विचारलं, मुदत वाढवून मिळते तर वाढवत काहून नाही.

“मिळते गं,” हिंमतराव म्हणाले. “पण काढू कोणाबरोबर?”

वाचकहो, मी निर्जीव वस्तू आहे, माझ्या विनंतीला किती वजन द्यायचं ते तुम्ही ठरवा. तुमच्या शेजारी बसून कोणी तुमची रेघ सरळ करून देत असेल, तर त्याचं नाव त्याच वेळी घ्या, चारचौघांत घ्या. माझ्यासारख्याच्या पोटात सगळं साठून राहतं. शेजारी बसलेलं माणूस मात्र मला साठवता आलं नाही.

हिंमतरावांनी चष्मा काढला. आता ते मला बंद करतील. निरोप घेतो.